दोन मेजर आणि उमोरेनमामा

लढाई लागण्याआधी माझा मामा उमोरेन एसिएत इकोत उदोमच्या कोर्टासमोर टाइपरायटर मांडून बसायचा आणि लोकांना अर्ज लिहून द्यायचा. जमिनीचे तंटे, नवऱ्याने टाकलेल्या बायका, शाळेतून नाव काढलेली पोरं, सगळ्यांचं गाऱ्हाणं त्याच्या हातून साहेबाकडे जायचं. मागणी कितीही साधी असो, मामा ती गुडघे टेकूनच मागायचा. आधी साहेबाच्या आयुष्याची, मग त्याच्या मुलाबाळांची दुवा, आणि दुसऱ्या पानावर कुठे मूळ मुद्दा. अदियाहा मामी म्हणायची, "ह्याला घरात तांब्याभर पाणी हवं असलं तरी आधी माझ्या बापाच्या बापाची खुशाली विचारतो." लोक हसायचे, पण अर्ज त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. त्याचे अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतो, अशी त्याची ख्याती होती.

मी तेव्हा मामाकडे राहत होते. माझा नवरा कालाबारच्या गोदीत कामाला होता. लढाई लागली, कालाबार सरकारी सैन्याने घेतलं, आणि तो त्या बाजूला राहिला, मी ह्या बाजूला. आम्ही अनांग लोक. पूर्वेचा मुलूख फुटून बियाफ्रा हा वेगळा देश जाहीर झाला तेव्हा आमचं गाव बियाफ्रात आलं, म्हणून आम्हीही आलो. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर गावात चार उत्तरं निघाली असती.

बियाफ्राची एक पलटण मिशनच्या शाळेत उतरली. तिचा प्रमुख मेजर ओक्वोसा हा उंच, खांद्यात वाकलेला इग्बो, म्हणजे बियाफ्रातल्या सगळ्यात मोठ्या जमातीचा माणूस. लढाईआधी रस्ते बांधणाऱ्या खात्यात होता म्हणे. त्याचा टाइपिस्ट तापाने गेला होता. कुणीतरी मामाचं नाव सांगितलं, आणि दोन शिपाई येऊन मामाला आणि त्याच्या टाइपरायटरला घेऊन गेले. टाइपरायटर शिपायांनी उचलला आणि मामा मागून चालत गेला, त्यामुळे नेमकी गरज कुणाची आहे हे कळत होतं.

रोज सकाळी मेजर पत्रं सांगायचा आणि मामा टाइप करायचा. प्रत्येक पत्रात तीनच गोष्टी असत. शत्रूची बातमी काय आहे, रसद काय हवी आहे, आणि कैद्यांचं काय करायचं. मेजर बोलायचा ते तोडून, ठेकेदाराला सांगावं तसं. मीठ नाही. गोळ्या नाहीत. पाठवा. अशी किती पत्रं गेली तरी वरून उत्तर येत नव्हतं. एकदा मेजर तापाने आडवा पडला आणि मामाला म्हणाला, तूच लिही, मी सही करतो. मामाने आपल्या पद्धतीने लिहिलं. मोठ्या साहेबांच्या विजयाची प्रार्थना केली, मिठाशिवाय सूप पिणारे शूर जवान डोळ्यांतून कसे अश्रू गाळतात आणि तेवढंच मीठ त्यांच्या ताटात कसं पडतं, ते लिहिलं. आठवड्याच्या आत मीठ आलं.  ते पत्रामुळे आलं की ते तसंही येणारच होतं, हे मेजरला ठरवता येईना. पण त्यानंतर रसदीची पत्रं मामाच लिहू लागला.

बातम्यांचं मात्र मामालाही जमेना. सकाळी एक बातमीदार येऊन सांगायचा, शत्रू ओढ्यापर्यंत आलाय. तो जातो न जातो तोच दुसरा सांगायचा, शत्रू कालच मागे गेला. एकदा तर पांढऱ्या कपड्यांतली मोठी टोळी पूर्वेकडून येतेय अशी बातमी आली, पत्र गेलं, खंदकात माणसं बसली, आणि वाजतगाजत आली ती पलीकडच्या गावातली प्रार्थनेची मिरवणूक. मामा म्हणाला, दोन बातम्या उलट असल्या तर कुठली लिहू? मेजर म्हणाला, दोन्ही लिही. वरून उत्तर आलं, यातली खरी कुठली? मेजरने ते उत्तर मामाला वाचून दाखवलं आणि विचारलं, "आता ह्याला काय लिहायचं?" मामाने पुन्हा दोन्ही लिहिल्या.

कैदी शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत ठेवत. बरेच दिवस तिथे एकच जण होता, सरकारी सैन्यातला उत्तरेकडचा शिपाई, नाव बित्रुस. त्याच्या जबड्याला गोळी चाटून गेली होती. तो बोलायचा, पण शब्द तोंडातल्या तोंडात फुटायचे आणि कुणाला काही कळायचं नाही. चौकशीला बसवलं की तो तासभर मनापासून सांगत राहायचा, आणि मामा पत्रात लिहायचा की कैद्याने पुष्कळ माहिती दिली, परंतु ती समजली नाही. मी मामाचा डबा न्यायचे तेव्हा मामा त्यातलं अर्धं सूप आणि मऊ केलेली गारी, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रवा, त्या माणसाला द्यायचा, कारण त्याला चावता येत नव्हतं.

मग एके दिवशी मामीच्या भावाला बांधून आणलं.

उकपोंग ताडी काढायचा. ओढ्याकाठच्या झाडांवर चढायचा, खाली उतरायचा, आणि बाकी जगाशी त्याचं फारसं देणंघेणं नसायचं. त्याच्यावर आरोप होता की तो साबो आहे, म्हणजे फितूर. त्या दिवसांत हा शब्द हवेतच होता. कुणाच्या घरी मीठ दिसलं की साबो, कुणी गप्प बसलं की साबो, कुणी फार बोललं तरी साबो. अशा माणसांचं काय होतं ते आम्ही ऐकून होतो.

मामी तेव्हाच शाळेच्या फाटकात जाऊन बसली. मामा मेजरकडे गेला. पुढचं बोलणं मामाने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे नव्हते तरी मला पाठ आहे.

मेजर म्हणाला, "एक बातमीदार सांगतो, तो त्यांना वाट दाखवत होता. दुसरा सांगतो, तो त्यांच्यापासून पळत होता. तुझं काय म्हणणं?"

"एते, तो माझ्या बायकोचा भाऊ आहे." एते म्हणजे आमच्यात बाप, आणि कुठल्याही मोठ्या माणसाला आम्ही तसंच बोलावतो.

"ते मी विचारलं नाही. खरं काय ते विचारलं."

"ते मला माहीत नाही."

"मलाही नाही. तू लिही, मी सही करतो."

मामा सुतारखोलीत गेला. उकपोंग लाकडाच्या भुशावर बसला होता, आणि शेजारी बित्रुस त्याला काहीतरी समजावून सांगत होता. मामाने खालच्या आवाजात विचारलं, "दाखवलीस का त्यांना वाट?"

"विचारली, म्हणून दाखवली."

"कुठली?"

"ओढ्याची. तहान लागली होती त्यांना. तुझ्या मेजरने विचारली असती तर त्यालाही दाखवली असती. पण विचारायचं सोडून त्याने बांधूनच आणलं."

"हे कुणापुढे बोलू नकोस."

"मग काय बोलू? तू लिहिणारा आहेस, तूच सांग."

 मामा परत येऊन यंत्रापुढे बसला आणि त्याला पहिली ओळच सापडेना. माणसाने काही केलं नाही असं लिहावं तर त्याने केलं होतं. केलं असं लिहावं तर त्याने तहानलेल्याला पाणी दाखवलं होतं. शेवटी मामाने असं लिहिलं की आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही. सदर इसम ताडी काढणारा असून त्याला ह्या मुलखातल्या सगळ्या वाटा ठाऊक आहेत. तो आपल्या सैन्याच्या उपयोगी पडेल. तरी आपल्या हुकमापर्यंत त्याला जपून ठेवत आहोत. मेजरने वाचून विचारलं, खरंच ठाऊक आहेत का? मामा म्हणाला, ताडीवाल्याला नसतील तर कुणाला असतील. मेजरने सही केली.

घरी मामीने त्याच्याकडून ते पत्र शब्द न् शब्द वदवून घेतलं. मग चूल पेटवून तिने राखून ठेवलेला सुका मासा सूपात टाकला. आम्हा सगळ्यांना वाटलं, मामाने बाजी मारली.

पत्राचं उत्तर यायच्या आतच पलीकडचं, सरकारी सैन्य आलं. कुठल्याही बातमीदाराने सांगितलं नव्हतं त्या दिशेने आलं. सकाळी तोफा सुरू झाल्या आणि कोण कुठे पळतोय याला मेळ उरला नाही. मेजर ओक्वोसाच्या माणसांनी शाळेमागे कागद पेटवले आणि कसाव्याच्या शेतांतून निघून गेले. बित्रुसला त्यांनी सोडून दिलं, कारण त्याचा काही उपयोग नव्हता. उकपोंगला मात्र कमरेला दोर बांधून पुढे घातलं. मामी रस्त्यात उभी होती. तिने त्याला हाक मारली. एका शिपायाने तिला ढकललं आणि म्हटलं, बाई, बाजूला हो, ह्याला वाटा ठाऊक आहेत.

मामा आमच्याबरोबर रानात यायला निघाला होता, पण अर्ध्या वाटेवरून टाइपरायटर आणायला परत फिरला. तो ते ओझं डोक्यावर घेऊन शाळेच्या फाटकातून बाहेर पडत असताना नव्या सैन्याने त्याला पकडलं. शाळेतून, शत्रूच्या कचेरीचं यंत्र घेऊन पळणारा माणूस. त्यांना वेगळं काय वाटणार होतं. तेवढ्यात तिथे बित्रुस आला. त्याने मामाला पाहिलं आणि त्याच्याकडे बोट करून जोरजोरात बोलायला लागला. तो पोटावर हात मारी, तोंडाकडे हात नेई, पुन्हा मामाकडे बोट करी, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिपायांनी त्याचा असा अर्थ लावला की ह्याच माणसाने आमच्या गड्याचं तोंड फोडलं आणि त्याला उपाशी ठेवलं. मामाला त्यांनी जमिनीवर पालथा पाडला. बंदुकीच्या दस्त्याचे दोन घाव बसले तेव्हा बित्रुसने स्वतःला मामाच्या अंगावर झोकून दिलं. मग सगळेच थांबले. बित्रुस काय सांगतोय हे तेव्हाही कुणाला कळलं नाही, पण मारू नका, एवढं कळलं.

मामाला त्याच सुतारखोलीत ठेवलं.

नव्या पलटणीचा प्रमुख मेजर अगेरा हा तिव जमातीचा माणूस होता, बुटका, शांत, सारखी कोला नावाची कडू बी चघळणारा. त्याने टाइपरायटर पाहिला आणि विचारलं, हा चालवतो कोण? अशा रीतीने मामा पुन्हा त्याच खोलीत, त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीवर बसला. मेजर अगेराने सांगायला सुरुवात केली. शत्रू ओढ्यापलीकडे आहे अशी बातमी आहे. तो पळाला अशीही बातमी आहे. मीठ नाही. बूट नाहीत. कैद्यांचं काय करायचं ते कळवावं.

मामाची बोटं चालत होती. डोकं मागे राहिलं होतं. मेजरने कागद हातात घेऊन वाचला. मग त्याने कागद मामापुढे धरला. माथ्यावर मामाने सवयीने टाइप केलं होतं, बियाफ्राचं प्रजासत्ताक, आणि खाली ओक्वोसाच्या पलटणीचं नाव. मामा म्हणाला की त्या क्षणी त्याला आपल्या आईचं नाव आठवेना. मेजर अगेराने कागद फाडला, तुकडे खिशात ठेवले आणि शांतपणे सांगितलं, "पुन्हा टाइप कर. ह्या खेपेला आपण कोण आहोत ते बघून."

मामा म्हणायचा, ते बघून टाइप करणंच तर अवघड होतं. शत्रू ह्या शब्दाशी येऊन बोटं थबकायची. काल ज्याला शत्रू लिहिलं तो समोर बसून कोला चघळतोय, आणि आज ज्याला शत्रू लिहायचं त्याच्या टोळीत आपला मेहुणा दोराला बांधलेला. एकदा मेजर अगेराने विचारलं, त्या लोकांकडे वाटाड्या आहे अशी बातमी आहे, गावातलाच कुणी. तुला माहीत आहे का? मामा नाही म्हणाला. त्याला ते पत्रात टाइप करावं लागलं, शत्रूकडे एक वाकबगार वाटाड्या असल्याचं कळतं, तो दिसल्यास ताबडतोब बंदोबस्त व्हावा. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर त्याने खाल्लं नाही.

मग कैद्यांना मोठ्या छावणीत पाठवायचं ठरलं. मेजर नावं सांगत होता, मामा टाइप करत होता, आणि सांगता सांगता मेजर म्हणाला, उमोरेन एसिएत. मामाने हात उचलले.

"एते, हा मीच."

"माहीत आहे."

"मग मी टाइपिस्ट की कैदी?"

मेजरने कोलाचा चोथा थुंकला. "तू शिपाई होतास का त्यांचा?"

"नाही."

"मग त्यांनी तुला धरून आणलं होतं?"

"हो. म्हणजे टाइपरायटर आणला. मी मागून आलो."

मेजरलाही ठरवता येईना. त्याने मामाचं नाव लिहायला लावलं आणि पुढे शेरा दिला की हा इसम शिपाई आहे की नागरिक याचा निकाल वरून व्हावा, तोपर्यंत कामासाठी ठेवून घेत आहे. बाकीच्यांना लॉरीत घालून नेलं. मामा राहिला. निकाल कधी आला नाही. मामा दिवसा मेजरचं टेबल सांभाळायचा आणि संध्याकाळी आपणहून सुतारखोलीत जाऊन बसायचा. पहिल्यांदा कडी लावायचे. पुढे पुढे लावायचेही विसरायचे.

ह्या सगळ्या काळात मामी त्याच्याशी धड बोलत नव्हती. ती त्याचं जेवण रांधून माझ्याबरोबर पाठवायची, स्वतः जायची नाही. मला विचारायची, सगळ्या वाटा ठाऊक आहेत असं त्याने कशाला लिहिलं? मी म्हणायचे, जीव वाचवायला. ती म्हणायची, हो, ते खरं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणायची, पण कशाला लिहिलं?

लढाई संपली तेव्हा अगेराची पलटण एका सकाळी सामान भरून निघाली. मामा फाटकात उभा राहिला. त्याने मेजरला विचारलं, माझं काय? मेजर लॉरीत चढता चढता म्हणाला की उत्तर आलं की कळवतो. मग लॉरी गेली. मामा त्या दिवशीही सुतारखोलीत झोपला. दुसऱ्या दिवशी मामी स्वतः गेली, त्याचा हात धरला आणि त्याला घरी घेऊन आली. रस्ताभर तो मागे वळून बघत होता, कुणी थांबवतंय का म्हणून.

उकपोंगचा काही ठाव नव्हता. मामाने प्रत्येक कचेरीला अर्ज केले. एका कचेरीने कळवलं, असा कैदी आमच्याकडे कधीच नव्हता. दुसरीने विचारलं, तो कुठल्या बाजूचा कैदी? मामीने शेवटी त्याच्या नावाने रडून घेतलं.

आणि दुसऱ्या वर्षी पेरणीच्या सुमाराला तो आला. डाव्या पायाने लंगडत, तिकडे केलेल्या इग्बो बायकोला आणि तिच्या पाठीवरच्या तान्ह्या मुलीला घेऊन. अंगणात गर्दी झाली. मामी त्याच्या गळ्यात पडली. मामा दारातच उभा राहिला; त्याला पुढे व्हावं की आत जावं कळेना.

उकपोंगने पाणी प्यायल्यावर आधी त्यालाच विचारलं, "मला सगळ्या वाटा ठाऊक आहेत असं तू कशाला लिहिलंस?"

"ते तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या मेजरनेच. मला पुढे घातलं आणि म्हणाला, चल, तुझ्या मेहुण्याने लिहून दिलंय. अरे, मला माझी झाडं आणि ओढा ठाऊक. ओढ्यापलीकडे मी जन्मात गेलो नव्हतो. पहिल्याच दिवशी मी त्यांना दलदलीत घातलं. मुद्दाम केलं म्हणून मारलं मला. हा पाय तेव्हाचा. पुढे एकदा असाच चाललो तर कसाव्याने भरलेलं एक ओस गाव लागलं. मग म्हणाले, बघा, ह्याला खरंच ठाऊक आहेत. तिथून मला सोडेचनात."

लोक हसायला लागले. उकपोंगही हसला. मामा हसला नाही. तो म्हणाला, "मी तसं लिहिलं नसतं तर गोळी घातली असती तुला."

"कोण म्हणालं?"

मामा उंबऱ्यावरच खाली बसला. तेव्हा माझ्याही लक्षात आलं की गोळी घालणार, असं मेजर ओक्वोसा कधी म्हणालाच नव्हता. आम्हीच धरून चाललो होतो. साबो म्हटलं की तेच व्हायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

उकपोंग म्हणाला, "शेवटी तो मेजर आजारी होता. पेन्सिलीने स्वतःच पत्रं लिहीत बसायचा, मीठ पाठवा, मीठ पाठवा. ती न्यायला माणूसही उरला नव्हता. तेव्हा मला म्हणाला, तुझ्या मेहुण्याला लिही म्हटलं ते मलाच ठरवता येत नव्हतं म्हणून. त्याने नुसतं सोडा असं लिहिलं असतं तरी मी सही केली असती."

"खरं म्हणाला तो?"

"तापात होता. मला काय ठाऊक."

मामी उठली आणि मागच्या अंगणात गेली. मी तिच्यामागे गेले. ती रडत असेल असं मला वाटलं होतं, पण ती याम कंदांच्या ढिगातून चांगले चांगले याम वेगळे काढत होती. मी विचारलं, राग आलाय का? ती म्हणाली, "कुणाचा येऊ दे, तेच कळत नाही. भाऊ जिवंत आला तो ह्याच्या लिहिण्यामुळे, आणि गेला तोही ह्याच्याच लिहिण्यामुळे. आणि मी तेव्हा मासा रांधला होता." मग तिने मला सांगितलं, त्या इग्बो बाईला विचार, तिला तिखट चालतं का.

उकपोंगने मामाच्या घरामागे झोपडी बांधली. लंगड्या पायाने झाडावर चढणं जमेना, तेव्हा तो दुसऱ्यांनी काढलेली ताडी विकायला लागला. पुढे माझा नवरा परत आला आणि आम्ही कालाबारला गेलो, पण मी गावी गेले की त्या दोघांचा वाद चालूच असायचा. मामा विचारायचा, मेजर नेमकं काय म्हणाला, कुठल्या शब्दांत? उकपोंग दर खेपेला थोडं वेगळं सांगायचा, आणि मामा म्हणायचा, मागच्या वेळी तू असं म्हणाला नव्हतास. मामी मधे पडायची नाही. तिची भाची, उकपोंगची मुलगी, आता तिच्याच मांडीवर वाढत होती, अनांग आणि इग्बो दोन्ही एकदम बोलायची, आणि कुणाशी कुठली भाषा बोलायची ह्यात तिची रोज गफलत व्हायची.